महासाथ ओसरली, पण दिनचर्या परतली नाही

वाचकाचे पत्र :

२०२० मध्ये मी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि जवळजवळ दोन वर्षे घरातल्या एका खोलीत, पडद्यासमोर बसूनच शिकले. शाळेत असताना मी नियमित पोहायला जात असे आणि रात्री अकराच्या आत झोपत असे. टाळेबंदीत ते सगळे सुटले. झोपायला पहाटेचे तीन वाजू लागले, जेवणाच्या वेळा उरल्या नाहीत, मोबाइल हातातून सुटेना. २०२१ मध्ये मला संसर्ग झाला. तो सौम्य होता. त्याच वर्षी आजोबा गेले आणि मला त्यांचे शेवटचे दर्शनही घेता आले नाही. आता मी पीएच.डी. करते आहे. सगळीकडे सर्व सुरळीत झाले आहे, पण माझी झोप, जेवण, व्यायाम यांतले काहीच जागेवर आलेले नाही. अकराच्या आधी उठवत नाही, दिवसभर थकवा असतो आणि साध्या मुदतीच्या आठवणीनेही छातीत धडधडते. दर महिन्याला नवे वेळापत्रक आखते आणि ते आठवडाभरही टिकत नाही. घरचे विचारतात, महासाथीचे निमित्त आणखी किती दिवस सांगणार? हा माझा आळसच आहे का?

उत्तर :

प्रिय वाचक,

तुमच्या घरच्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी व्यथा तीच आहे असे मला वाटते. आळशी माणूस दर महिन्याला नवे वेळापत्रक आखत नाही आणि ते मोडल्यावर स्वतःला इतका बोलही लावत नाही. तुमची इच्छा शाबूत आहे; मोडली आहे ती चौकट, जिच्या आधाराने ही इच्छा पूर्वी रोज कृतीत उतरत असे. शाळेच्या दिवसांत तुम्ही अकराच्या आत झोपत होता, कारण सकाळी ठरावीक वेळी घराबाहेर पडावे लागे; पोहायला जात होता, कारण तिथली वेळ ठरलेली होती आणि सोबती वाट पाहत असत; वेळेवर जेवत होता, कारण मधली सुटी रोज त्याच वेळी होत असे. यांपैकी कोणतीही गोष्ट तुम्हाला रोज नव्याने ठरवावी लागत नव्हती. मांडव काढून घेतल्यावर वेल जमिनीवर पसरली, तर त्याचा दोष कोणी वेलीला देत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत महासाथ आली ती नेमकी शाळेची चौकट सुटून विद्यापीठातली स्वतःची चौकट उभी राहायच्या वयात. तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या विद्यार्थ्यांना परतण्यासाठी निदान एक ओळखीची दिनचर्या होती, परंतु तुमची विद्यार्थिदशेतली प्रौढ दिनचर्या कधी घडलीच नव्हती. त्यामुळे ती परत येण्याची वाट पाहू नका. ती तुम्हाला प्रथमच घडवायची आहे, आणि त्याला लागणारा वेळ तुम्ही स्वतःला मोकळ्या मनाने द्यायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महासाथ म्हटले आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतच, युनेस्कोच्या नोंदींनुसार, जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली. विद्यार्थ्यांच्या सवयींवर याचा काय परिणाम झाला, हे अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासातून फार स्पष्ट दिसते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारी उपकरणे महासाथीपूर्वीपासूनच बांधलेली होती, त्यामुळे आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी ठेवून पाहता आली. दिवसाकाठी सरासरी दहा हजारांच्या आसपास असलेली पावले २०२० च्या वसंतात साडेचार हजारांच्या घरात आली, लोकांबरोबर घालवलेला वेळ निम्म्याहून कमी झाला, पडद्यासमोरचा वेळ दुपटीहून अधिक झाला आणि नैराश्याचा धोका असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर गेले. ज्यांच्या हालचालीत सर्वांत मोठी घट झाली, त्यांच्यात हा धोका अधिक होता. म्हणजे तुम्ही ज्याला आपला दुबळेपणा समजता आहात, तो अनुभव त्या वर्षी तुमच्याच वयाच्या असंख्य मुलामुलींनी घेतला आहे.

याच अभ्यासातला पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना थोड्या काळासाठी प्रोत्साहन देऊन पुन्हा चालायला लावले. त्यांची पावले वाढली, पण मनःस्थितीत म्हणावी तशी सुधारणा दिसली नाही. याचा अर्थ चालणे व्यर्थ आहे असा मुळीच नव्हे. नियमित हालचालीचा मनाला दीर्घकाळ होणारा लाभ इतर अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. अर्थ इतकाच की सवय मोडल्यामुळे ताण वाढला असला, तरी ती सवय थोडे दिवस परत आणल्याने ताण आपोआप उतरत नाही. तुमची वेळापत्रके आठवडाभरात का मोडत असावीत, याचे एक कारण मला इथे दिसते. चार दिवस लवकर उठून, चालून, वेळेवर जेवूनही मनातली धडधड तशीच राहते, आणि मग हे सगळे कशासाठी करायचे असा प्रश्न पडून सारेच सोडून दिले जाते. म्हणून माझी विनंती आहे की शरीराच्या सवयी आणि मनावरचा ताण ही दोन वेगळी कामे समजा. दोन्हींचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे, पण एकाच्या यशाचे माप दुसऱ्याने घेऊ नका.

सवयींत सुरुवात झोपेपासून करा, आणि सध्या तरी केवळ झोपेपासूनच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संशोधकांनी १३९ विद्यार्थ्यांच्या झोपेची पाहणी केली, तेव्हा घरी राहण्याच्या पहिल्या आठवड्यांत त्यांची झोप घटण्याऐवजी वाढलेली दिसली. कामाच्या दिवशी ती सुमारे अर्ध्या तासाने वाढली होती, आणि सुटीचा दिवस व कामाचा दिवस यांच्या वेळांमधले अंतरही कमी झाले होते. सकाळच्या वर्गाची घाई नसल्यामुळे शरीराला त्याच्या कलाने झोपता आले. मात्र झोपायची वेळ पुढे सरकली, आणि तुमच्या आयुष्यात ती सरकतच राहिली. त्यालाही शारीरिक आधार आहे. किशोरवयात शरीरातले घड्याळ उशिराकडे झुकू लागते आणि विशीच्या आसपास हा कल सर्वाधिक असतो. शिवाय मनुष्याचे हे आंतरिक घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्यामुळे ते रोज बाहेरच्या प्रकाशाने जुळवून घ्यावे लागते. ढगाळ दिवशीही उघड्यावरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. ज्या विद्यार्थिनीचा दिवस अकरा वाजता, पडदे ओढलेल्या खोलीत सुरू होतो, तिच्या घड्याळाला हा इशारा मिळतच नाही.

म्हणून झोपायच्या वेळेच्या मागे लागू नका, उठायची वेळ पक्की करा. झोप ठरवून लागत नाही, पण उठणे ठरवता येते. आज अकराला उठत असाल, तर उद्या सहाला उठण्याचा संकल्प करू नका. साडेदहा ही वेळ धरा, ती पाच-सहा दिवस पाळा, मग दहावर या, आणि असेच हळूहळू मागे सरकत आठ-साडेआठपर्यंत पोहोचलात तरी एका संशोधक विद्यार्थिनीसाठी ते पुष्कळ आहे. उठल्यानंतर तासाभराच्या आत घराबाहेर पडून पंधरा-वीस मिनिटे उजेडात राहा. आदल्या रात्री तीनला झोप लागली असली, तरी दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळीच उठा. त्या दिवशी थकवा येईल, पण जागेपणी साठत जाणारी झोपेची निकड रात्री तुमच्याच मदतीला येईल. दुपारी डुलकी घ्यावीच लागली, तर ती अर्ध्या तासाच्या आत आणि तीन वाजण्यापूर्वी असावी. चहा-कॉफी दुपारनंतर थांबवा, कारण पाच-एक तासांनंतरही तिच्यातले सुमारे निम्मे कॅफीन शरीरात शिल्लक असते.

याबरोबर आणखी एका गोष्टीकडे पाहा. तुम्ही दोन वर्षे ज्या खोलीत शिकलात, तिथे पलंगावर बसून वर्ग ऐकले असतील, तिथेच परीक्षा दिल्या असतील, तिथेच बातम्या पाहून घाबरला असाल आणि तिथेच झोपेची वाट पाहिली असेल. अंथरुण आणि जागेपण यांची अशी सांगड एकदा बसली की अंथरुणावर पडताच मेंदू जागा होतो. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही सांगड सोडवण्याची पद्धत मांडली, आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरली जाते. अंथरुण केवळ झोपेसाठी ठेवायचे, डोळे जड झाल्यावरच तिथे जायचे, आणि वीस-एक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटल्यास घड्याळ न पाहता उठून मंद उजेडात काहीतरी शांत काम करायचे, पुन्हा पेंग आल्यावरच परतायचे. पहिले काही दिवस हे अगदी नकोसे वाटते. तरीही ते नेटाने करा, कारण जुनाट निद्रानाशात झोपेच्या गोळ्यांच्या आधी अशा वर्तनोपचारांचा विचार करावा, असेच वैद्यकीय संस्थांचे मार्गदर्शन आहे.

उठायची वेळ दोन-तीन आठवडे टिकली की मगच हालचालीकडे वळा. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतका वेग. मात्र त्याच सूचनांत हेही आहे की काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही हिताचे असते, आणि तुमच्यासाठी आज तेच वाक्य अधिक मोलाचे आहे. पोहणे पुन्हा सुरू करता आले तर फारच चांगले, पण एकटीने नव्हे. कोणीतरी सोबत ठरवून, ठरावीक वाराला, ठरावीक वेळी जा. जेवणाविषयी मी फार काही सांगणार नाही. महासाथीत काही विद्यार्थ्यांचे खाणे घरी राहिल्यामुळे सुधारले आणि काहींचे ताणामुळे बिघडले. तुम्ही काय खाता यापेक्षा सध्या पहिले खाणे किती वाजता होते, एवढेच पाहा आणि ते उठल्यापासून दीड-दोन तासांच्या आत होऊ द्या.

आता ताणाकडे येते. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ताण मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, ती आजही विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत सर्रास वापरली जाते. त्या प्रश्नावलीत काम किती आहे याची मोजदाद नसते. गेल्या महिन्याभरात एखाद्या अनपेक्षित घटनेने तुम्ही किती वेळा अस्वस्थ झालात, महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाती नाहीत असे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न तिच्यात आहेत. विद्यार्थ्यांसाठी महासाथीचा काळ नेमका असाच गेला. परीक्षा होणार, पुढे गेली, पडद्यावर होणार, पद्धत बदलली. वसतिगृह उघडणार, बंद झाले. घरातले कोणी खोकले की पोटात गोळा. कामाचा डोंगर माणूस कसाबसा उपसतो, परंतु उद्या काय ठरेल हे ठाऊक नसताना त्याची तयारी करत राहणे शरीराला फार महागात पडते. त्या दोन वर्षांत तुम्ही सतत सावध राहायला शिकलात आणि तेव्हा ते आवश्यकच होते, कारण नियम खरोखरच एका रात्रीत बदलत होते. आज मुदतीच्या नुसत्या आठवणीने होणारी धडधड मला त्याच सावधपणाचा उरलेला अंश वाटते. रात्री मोबाइल खाली ठेवता न येणे हेही बहुधा त्याचेच रूप आहे. काहीतरी निसटेल, काहीतरी बदलेल आणि आपल्याला कळणार नाही, ही भीती त्याच्या मुळाशी असावी.

अशा मनाला काळजी सोडून दे असे सांगून काहीही साधत नाही. त्याला पुढचे दिसेल अशी व्यवस्था करावी लागते. पीएच.डी. हे काम स्वभावतःच अनिश्चित आहे, तिथे रोजचा तास नाही की घटक चाचणी नाही, आणि पदवीच्या आरंभी ज्यांना चौकट मिळाली नाही त्यांना हे मोकळेपण विशेष जड जाते. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला, ठरल्या दिवशी, कागदावर तीनच कामे लिहा आणि ती प्रकरण लिहिणे अशी अवाढव्य नसावीत, अमुक दोन लेख वाचून टिपणे काढणे अशी, संपली की संपली म्हणता येतील अशी असावीत. दुसऱ्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याबरोबर ग्रंथालयात रोज दोन तास शेजारी बसून आपापले काम करण्याचे ठरवा; बोलणे झाले नाही तरी चालेल, कोणीतरी येणार आहे एवढ्यानेच पाऊल बाहेर पडते. पडद्यावरच्या बैठकांनंतर जास्त गळून जात असाल, तर स्वतःचे चित्र बंद ठेवून पाहा. सतत स्वतःला पाहत राहणे आणि एका जागी खिळून बसणे ही या थकव्याची कारणे स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली आहेत. मोबाइलसाठी रात्री एक ठिकाण ठरवा, जे हाताच्या अंतरावर नसेल, आणि गजरासाठी वेगळे घड्याळ घ्या.

तुमच्या आजोबांविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, आणि लगेच पुढे पीएच.डी.कडे वळला आहात. मला तिथे थांबावेसे वाटते. महासाथीत जगभर कितीतरी माणसांना आपल्या माणसाचा निरोप घेता आला नाही. आजारपणात भेट नाही, शेवटी जवळ कोणी नाही, नंतर एकत्र बसून रडण्याचीही सोय नाही. अशा वेळी दुःखाला वाट मिळत नाही आणि ते कधी थकव्याच्या, कधी चिडचिडीच्या, तर कधी कशातच मन न लागण्याच्या रूपाने अंगात मुरून राहते. तुमच्या सर्व त्रासाचे मूळ तिथेच आहे असा दावा मी एका पत्रावरून करणार नाही, पण घरातल्या ज्या माणसालाही आजोबांची तितकीच उणीव भासते, त्याच्याबरोबर त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची वेळ तुम्ही काढावी, अगदी त्यांची छायाचित्रे घेऊन बसावे, असे मला मनापासून वाटते. इतक्या वर्षांनंतर कशाला, असे मनात येईल. दुःखाला अशी मुदत नसते. आजही त्यांची आठवण दिवसभराचे काम थांबवण्याइतकी तीव्र असेल, तर समुपदेशकांशी बोलताना हा विषय सर्वांत आधी काढा.

त्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि ही गोष्ट पुढे ढकलू नका. दीर्घकाळचा थकवा हा सवयींचाच परिणाम आहे असे घरबसल्या ठरवता येत नाही. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो आणि साध्या रक्ततपासणीत ते कळते. तुम्हाला झालेला संसर्ग सौम्य होता, तरी थकवा त्यानंतरच्या महिन्यांत सुरू झाला का, हे आठवून डॉक्टरांना सांगा, कारण सौम्य संसर्गानंतरही दीर्घ कोविड, म्हणजे संसर्ग ओसरल्यावरही महिनोन्महिने टिकणारा त्रास, होऊ शकतो. विशेषतः थोड्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्या पुढच्या दिवशी अंथरुणाला खिळण्याइतका थकवा येत असेल, तर वर सांगितलेला व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नका. अशा स्थितीत नेट लावून केलेले श्रम त्रास वाढवतात.

मनाच्या बाबतीतही एक सीमारेषा लक्षात ठेवा. दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, किंवा धडधडीमुळे तुम्ही कामे टाळू लागला असाल, तर विद्यापीठातील समुपदेशन केंद्रात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नमूद केले आणि त्यात तरुणांना व स्त्रियांना अधिक झळ बसल्याचेही सांगितले. तेव्हा तिथे जाणाऱ्या तुम्ही पहिल्या नसाल. आणि स्वतःला इजा करण्याचा किंवा जगूच नये असा विचार कधीही आला, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालय किंवा मदतवाहिनी गाठा.

घरच्यांना तुम्ही हे पत्र वाचायला देऊ शकता. त्यांच्याकडून मागायची असेल तर एकच मदत मागा, ती म्हणजे सकाळी ठरल्या वेळी तुम्हाला उठवून सोबत बाहेर पडण्याची. काल किती वाजता झोपलीस, हा प्रश्न मात्र महिनाभर कोणी विचारू नये. आपल्या मार्गदर्शकांशीही बोला. त्यांना सगळा इतिहास सांगण्याची आवश्यकता नाही. प्रकृतीच्या कारणाने मला कामाची लय बसवायची आहे, त्यासाठी दर आठवड्याला एक ठरलेली, अर्ध्या तासाची भेट मिळाली तर मदत होईल, एवढे म्हणणे पुरे आहे. बहुतेक मार्गदर्शकांना विद्यार्थी महिनोन्महिने दिसेनासा होण्यापेक्षा हे कितीतरी बरे वाटते. त्या पहिल्या भेटीला पुढच्या सहा आठवड्यांत काय पूर्ण करता येईल याचे टिपण घेऊन जा, आणि ते तुम्हाला शक्य वाटते त्याच्या निम्मेच ठेवा.